रक्ताची वाट : शोध आणि सांभाळ

नववी-दहावीला उत्सर्जन संस्था शिकवताना आपण फळ्यावर घेवड्याच्या बियांसारखी दोन मूत्रपिंडे काढतो, त्यांना मूत्रवाहिन्या जोडतो आणि शेवटी कृत्रिम मूत्रपिंडाचे चित्र दाखवतो. चित्रात माणसाच्या हातातून एक नळी यंत्राकडे जाते आणि दुसरी यंत्राकडून परत येते. विद्यार्थी यंत्राबद्दल पुष्कळ विचारतात. ती नळी हाताला नेमकी कशी जोडली आहे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. हा प्रश्न सोपा वाटतो, पण यंत्र तयार झाल्यावरही तो सुटायला सतरा वर्षे लागली. तो सुटला नव्हता म्हणून, यंत्र समोर असतानाही, माणसे दगावली.

गोंदिया जिल्ह्यातल्या शिक्षकांना हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०१६ साली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांतून डायलिसिस देण्याची राष्ट्रीय योजना जाहीर झाली. राज्याच्या आरोग्य योजनेतही डायलिसिसचा समावेश आहे. त्यामुळे देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावच्या एखाद्या वर्गात, ज्याचे वडील किंवा आजी आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जातात असा विद्यार्थी बसलेला असू शकतो. त्या घरातल्या एका हातावर कोपराखाली दोरीसारखी फुगलेली एक शीर असते. ती शीर म्हणजे त्या माणसाची जीवनदोरी आहे. ती कशी सापडली आणि कशी टिकवायची, हे आपण पाहू या.

गाळणे जमले, रक्त काढणे जमेना

डायलिसिस हा शब्द स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहॅम यांनी १८६१ साली वापरात आणला. मराठीत आपण त्याला अपोहन म्हणतो. विशिष्ट पडद्यातून मिठासारखे लहान रेणू पलीकडे जातात, डिंकासारखे मोठे रेणू अडून राहतात, हे त्यांनी दाखवले. मूत्रातला युरिया अशा पडद्यातून वेगळा करता येतो, हेही त्यांनी करून पाहिले. मूत्रपिंडाचे एक मोठे काम पडद्याने होऊ शकते, ही कल्पना तेव्हापासूनची आहे.

१९१३ साली अमेरिकेत जॉन एबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांचे रक्त कोलोडियनच्या नळ्यांतून फिरवून शुद्ध करून दाखवले. रक्त गोठू नये म्हणून त्यांना जळवांपासून काढलेले हिरुडिन वापरावे लागले. १९२४ साली जर्मनीत गीसन येथे गेऑर्ग हास यांनी माणसावर पहिले अपोहन केले. ते जेमतेम पंधरा मिनिटे चालले.

उपयोगी पडेल असे पहिले यंत्र दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांनी व्यापलेल्या हॉलंडमधल्या कांपेन या छोट्या गावी तयार झाले. विलेम कोल्फ हे तिथले तरुण डॉक्टर. काही वर्षांपूर्वी खेड्यातला एक तरुण मूत्रपिंडे निकामी होऊन त्यांच्या डोळ्यांसमोर गेला होता. युद्धामुळे सामानाचा तुटवडा होता. कोल्फ यांनी सॉसेज भरण्यासाठी वापरतात ती सेलोफेनची नळी लाकडी पट्ट्यांच्या पिंपावर गुंडाळली. पिंप मिठाच्या द्रावणात अर्धे बुडवून फिरवले की नळीतल्या रक्तातला युरिया द्रावणात उतरे.

१९४३ च्या मार्चमध्ये त्यांच्याकडे २९ वर्षांची एक स्त्री आली. तिची दोन्ही मूत्रपिंडे कायमची निकामी झाली होती. एकामागून एक बारा वेळा तिचे अपोहन झाले आणि प्रत्येक वेळी रक्तातला युरिया खाली आला. यंत्र आपले काम चोख करत होते. पण रक्त घेण्यासाठी पुन्हा पुन्हा नवी रक्तवाहिनी उघडावी लागे आणि एकदा वापरलेली वाहिनी पुन्हा उपयोगी पडत नसे. बाराव्या वेळेनंतर उघडण्याजोगी वाहिनीच उरली नाही आणि ती स्त्री दगावली.

१९४५ च्या सप्टेंबरमध्ये कोल्फ यांना यश आले. ६७ वर्षांची एक स्त्री बेशुद्धीतून उठून बसली. तिचा आजार तात्पुरता होता. काही दिवस यंत्राने काम सांभाळले, तोवर तिची मूत्रपिंडे पूर्ववत झाली. पुढची पंधरा वर्षे डायलिसिसची मर्यादा हीच राहिली. ज्याची मूत्रपिंडे परत सुरू होण्याची आशा आहे त्यालाच यंत्राचा उपयोग. ज्याची कायमची बंद पडली, त्याच्यासाठी यंत्र असून नसल्यासारखे.

सिएटलचा शंट

गोंदिया हे रेल्वे जंक्शन, त्यामुळे शंटिंग हा शब्द तिथल्या मुलांना सांगावा लागत नाही. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर घ्यायची ती शंटिंग. वैद्यकातला शंटही तसाच आहे : एका वाहिनीतले रक्त दुसऱ्या वाहिनीत वळवणे.

सिएटल येथील डॉक्टर बेल्डिंग स्क्रिब्नर यांना १९६० च्या सुरुवातीला ही कल्पना सुचली. दर वेळी नळी घालून काढण्याऐवजी एक नळी रोहिणीत (म्हणजे धमनीत) आणि एक नीलेत (म्हणजे शिरेत) कायमची ठेवायची. डायलिसिस नसेल तेव्हा दोन्ही नळ्यांची बाहेरची टोके इंग्रजी यू अक्षरासारख्या तुकड्याने जोडायची. रक्त सतत वाहत राहील आणि वाहते रक्त सहजी गोठत नाही. स्वीडनमध्ये निल्स आल्वाल यांनी असा प्रयत्न पूर्वी केला होता, पण काच आणि रबर यांत रक्त गोठे. स्क्रिब्नर यांच्या मदतीला टेफ्लॉन आले. १९३८ साली योगायोगाने सापडलेल्या या पदार्थाला काहीच चिकटत नाही. वेन क्विंटन या तंत्रज्ञाने टेफ्लॉनच्या नळ्या तापवून हव्या तशा वाकवल्या आणि डेव्हिड डिलार्ड या शल्यविशारदाने त्या बसवल्या. ९ मार्च १९६० रोजी क्लाइड शील्ड्स या यंत्रकामगाराच्या हातात असा शंट बसला. मूत्रपिंडे कायमची बंद पडलेला हा माणूस त्यानंतर सुमारे अकरा वर्षे जगला.

एका अडचणीची जागा लगेच दुसरीने घेतली. जे वाचू शकतील असे रुग्ण पुष्कळ आणि यंत्रे थोडी. १९६२ साली सिएटलमध्ये स्वतंत्र डायलिसिस केंद्र उघडले, तेव्हा कोणाला घ्यायचे हे ठरवण्यासाठी सात नागरिकांची समिती नेमावी लागली. विज्ञानाने दिलेल्या उत्तरातून समाजापुढे प्रश्न कसा उभा राहतो, याचे हे उदाहरण वर्गात चर्चेला घेण्यासारखे आहे.

शंटचेही दुखणे होतेच. नळी कातडीबाहेर असल्याने जंतूंना सरळ वाट मिळे. रक्ताची गुठळी होई. नळी ओढली गेली तर भळाभळा रक्त वाही, म्हणून रुग्ण जवळ चिमटा बाळगत. एक शंट बरेचदा काही महिन्यांतच निकामी होई आणि मग दुसरी जागा शोधावी लागे.

मुंबईतला एक रुग्ण

भारतात डायलिसिस १९६० च्या दशकाच्या आरंभी वेल्लोरला सुरू झाले. सामान्य माणसाच्या तोंडी हा शब्द आला तो मात्र १९७५ नंतर, मुंबईतल्या एका रुग्णामुळे. जयप्रकाश नारायण आणीबाणीत अटकेत असताना त्यांची प्रकृती ढासळली. १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये सुटका झाल्यावर ते मुंबईच्या जसलोक रुग्णालयात दाखल झाले. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान झाले होते आणि वय होते ७३. मूत्रपिंडतज्ज्ञ डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली त्यांचे डायलिसिस सुरू झाले. यंत्रासाठी लोकांनी वर्गणी काढली. पंतप्रधानांच्या मदतनिधीतून आलेले ९० हजार रुपये जयप्रकाशांनी नाकारले, हा प्रसंग प्रसिद्धच आहे.

वर्तमानपत्रांतून यंत्राची चर्चा पुष्कळ झाली. आपण थोडा वेगळा हिशेब करू या. डायलिसिस सुरू झाल्यापासून ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्याला निधन होईपर्यंत जवळजवळ चार वर्षे ते जगले. आठवड्याला दोन वेळा धरले तरी ही चारशेच्या आसपास डायलिसिसे होतात. कोल्फ यांच्या पहिल्या रुग्णाची वाट बाराव्या वेळी संपली होती. मधल्या बत्तीस वर्षांत यंत्र सुधारले हे खरे, पण बारा आणि चारशे यांतला फरक मुख्यतः रक्ताच्या वाटेने पडला. याच चार वर्षांत जयप्रकाशांनी १९७७ च्या निवडणुकीसाठी सभा घेतल्या. एका माणसाची रक्तवाहिनी उघडी राहिली म्हणून देशाने काय पाहिले, हे इतिहासाच्या शिक्षकांनाही सांगता येईल.

मनगटातली युक्ती

आज फुगलेल्या शिरेच्या रूपात आपल्याला दिसते ती युक्ती न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातली. जेम्स चिमिनो यांनी विद्यार्थिदशेत रक्त काढण्याची नोकरी केली होती, त्यामुळे सुईला चांगली शीर कोणती हे त्यांचे बोट ओळखत असे. जखमेमुळे रोहिणी आणि नीला एकमेकींना जोडल्या गेल्या तर नीला फुगून जाड होते, हे डॉक्टरांना पूर्वीपासून माहीत होते. ही विकृती मुद्दाम घडवली तर? १९६५ साली शल्यविशारद केनेथ अपेल यांनी मनगटाजवळ रोहिणी आणि नीला शेजारी शेजारी आणून शिवल्या. मायकेल ब्रेशिया, चिमिनो, अपेल आणि हरविच यांचा निबंध १९६६ साली प्रसिद्ध झाला. या जोडणीला फिस्टुला म्हणतात. बाहेर नळी नाही, परका पदार्थ नाही, वर स्वतःचीच कातडी.

ही जोडणी का उपयोगी पडते? रोहिणीत दाब जास्त, पण ती खोल आणि टोचायला धोक्याची. नीला वरवर आणि सोयीची, पण तिच्यात प्रवाह मंद. यंत्राला मिनिटाला साधारण ३०० मिलिलीटर रक्त लागते. मनगटाच्या रोहिणीतून एरवी मिनिटाला जेमतेम २०-३० मिलिलीटर वाहते. फिस्टुला केल्यावर रक्ताला केशिकांच्या अरुंद जाळ्यातून जावे लागत नाही. अडथळा कमी होतो, प्रवाह वाढतो, वाढत्या प्रवाहाने वाहिन्या रुंदावतात आणि रुंदावल्या की प्रवाह आणखी वाढतो. मुरलेल्या फिस्टुलातून मिनिटाला ६०० मिलिलीटर किंवा त्याहूनही जास्त रक्त वाहते. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना इथे प्वाझ्योचा नियम आठवेल : दाब तोच ठेवून नळीची त्रिज्या दुप्पट केली तर शांत प्रवाह सोळापट होतो. उलट दिशेने पाहिले तर त्रिज्या निम्मी होताच प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. शिरेतले थोडे आकुंचन वेळेवर ओळखणे किती महत्त्वाचे, हे या आकड्यांवरून ध्यानात येईल.

नीलेची भिंत जाड व्हायला वेळ लागतो. साधारण सहा आठवडे, कधी त्याहून जास्त. म्हणून फिस्टुला डायलिसिस लागण्याच्या काही महिने आधी करायला हवा. आपल्याकडे बहुतेक रुग्ण उशिरा पोचतात आणि सुरुवात मानेत घातलेल्या तात्पुरत्या नळीने होते. त्या नळीतून जंतुसंसर्गाचा धोका मोठा असतो आणि छातीतल्या मोठ्या नीला अरुंद होऊ शकतात. मग त्या बाजूच्या हातावरचा फिस्टुलाही धोक्यात येतो.

तलावाची पाळ

भंडारा-गोंदिया हा तलावांचा मुलूख. कोहळी समाजाने काही शतकांपूर्वी बांधलेले मालगुजारी तलाव आजही धानाला पाणी देतात. तलाव कोणी बांधला हे गाव सांगते. पण तो टिकला तो दरवर्षी गाळ काढणाऱ्या आणि पाळीवर माती टाकणाऱ्या हातांमुळे. १९५१ साली मालगुजारी गेली, देखभालीची जुनी घडी मोडली आणि अनेक तलाव गाळाने भरत गेले. फिस्टुलाचे तसेच आहे. तो बांधणे हे शल्यविशारदाचे एक-दोन तासांचे काम. सांभाळणे हे रुग्णाचे, घरच्यांचे आणि परिचारिकेचे रोजचे काम.

आठवड्यातून तीन डायलिसिस म्हणजे वर्षात १५६. प्रत्येक वेळी दोन सुया, म्हणजे ३१२ छिद्रे. सुईही साधी नव्हे, दीड मिलिमीटरहून जाड. ही छिद्रे एकाच बोटभर जागेत पडत राहिली तर तिथली भिंत विरते आणि फुगा येतो. म्हणून दर वेळी आधीच्या छिद्रापासून थोडे पुढे सरकत, शिडीच्या पायऱ्या चढाव्यात तसे टोचत जायचे आणि टोकाला पोचल्यावर पुन्हा सुरुवात करायची. रुग्ण बरेचदा म्हणतात, ‘‘सिस्टर, नेहमीच्याच जागी टोचा, तिथं दुखत नाही.’’ तिथली कातडी बधिर होत चालली आहे, हेच त्या न दुखण्याचे कारण असते. एकाच छिद्रातून नेमक्या त्याच कोनात टोचण्याची एक वेगळी पद्धत १९७० च्या दशकात पोलंडमध्ये निघाली, पण तिला सरावाचा हात आणि कडक निर्जंतुकपणा लागतो.

घरी करायचे ते साधे आहे. रोज सकाळी दुसऱ्या हाताची बोटे फिस्टुलावर ठेवून थरथर जाणवते का ते पाहायचे. कान लावला तर घूं घूं असा अखंड आवाज येतो. थरथर थांबली किंवा नुसते ठोके लागू लागले, तर गुठळी झाली असण्याची शक्यता आहे. अशा वेळी पुढच्या डायलिसिसच्या वाराची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी केंद्रात जायचे. पहिल्या एक-दोन दिवसांत फिस्टुला पुष्कळदा वाचवता येतो. गोंदियाहून नागपूर सुमारे १३० किलोमीटर. रोवणीच्या दिवसांत हा प्रवास उद्यावर ढकलावासा वाटणे साहजिक आहे, पण फिस्टुला जातो तो अशाच एका उद्यामुळे.

डायलिसिसला बसण्यापूर्वी तो हात साबणाने धुवायचा. सुई काढल्यावर छिद्रावर बोटाने दहा-पंधरा मिनिटे सारखा, पण बेताचा दाब ठेवायचा. थरथर बंद पडेल इतके करकचून बांधायचे नाही. त्या हातावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही, तिथून रक्त काढू द्यायचे नाही, तिथे सलाईन लावू द्यायचे नाही. त्या हाताने धानाचे पोते उचलायचे नाही, कोपर दुमडून कमरेवर घागर घ्यायची नाही, झोपताना तो डोक्याखाली घ्यायचा नाही. घट्ट घड्याळ आणि घट्ट बाही टाळायची. बांगड्यांचा प्रश्न नाजूक असतो. सवाष्ण बाईला एक हात मोकळा ठेवणे जड जाते आणि सासूबाईंनाही ते खटकते. अशा घरात नुसती मनाई करून भागत नाही. दुसऱ्या हातात हव्या तेवढ्या भरा, या हातातले कंकण म्हणजे ही थरथर, असे कोणी आपुलकीने सांगितले तर पटते. लालसर सूज, पू किंवा ताप आल्यास लगेच दाखवायचे. फिस्टुलातून रक्त वाहू लागले तर घाबरून कापड गुंडाळत न बसता नेमक्या जागी बोटाने घट्ट दाबायचे, हात वर धरायचा आणि दाब न सोडता रुग्णालय गाठायचे.

आणखी एक कारण फारसे कोणी लक्षात घेत नाही. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत पाणी फार प्यायले गेले तर यंत्राला ते एकदम काढावे लागते. मग रक्तदाब घसरतो, प्रवाह मंदावतो आणि गुठळीला संधी मिळते. पाण्याचे माप आणि फिस्टुलाचे आयुष्य यांचा असा संबंध आहे.

सलाईनची हौस

आता ज्यांना डायलिसिस लागलेले नाही त्यांच्याकडे वळू. अशक्तपणा वाटला की ‘‘एक सलाईन लावून द्या’’ म्हणण्याची सवय आपल्या गावांत खोल रुजली आहे. कोपराखालच्या शिरेत ठेवलेल्या प्रत्येक सुईने ती शीर थोडी खराब होते. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा आधीच मूत्रपिंडाचा विकार असलेल्या माणसाला पुढे हीच शीर फिस्टुलासाठी लागू शकते. विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. त्या आजारातही मूत्रपिंडांना इजा होते आणि त्या मुलांना सलाईन तर वारंवार लागते. जिथे सलाईन खरोखर गरजेचे आहे तिथे ते घेतलेच पाहिजे. पण मूत्रपिंडाचा आजार माहीत असेल तर ‘‘शक्य असेल तर हाताच्या पाठीवरची शीर घ्या’’ एवढे सांगण्याचा हक्क रुग्णाला आहे. दोन हातांत फिस्टुलाजोग्या जागा मोजक्याच असतात.

वर्गात करता येतील असे तीन प्रयोग देतो. पहिला : पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत स्टार्चचे पाणी भरून ती आयोडीनच्या फिकट पाण्यात ठेवा. काही वेळाने आतले पाणी निळे होते, बाहेरचे होत नाही. आयोडीन आत गेले, स्टार्च बाहेर आला नाही. ग्रॅहॅम यांचा पडदा तो हाच. दुसरा : नळाला लावलेल्या रबरी नळीतून पाणी सोडा, ती एका जागी थोडी चिमटा आणि पुढच्या बाजूला बोट ठेवा. खळबळत्या प्रवाहाची थरथर बोटाला कळते. तिसरा : एकाने मूठ घट्ट आवळावी, दुसऱ्याने त्याच्या मनगटाच्या दोन्ही कडांच्या रोहिण्या अंगठ्यांनी दाबाव्या. मूठ उघडली की तळवा फिका दिसतो. आता करंगळीकडची एकच रोहिणी सोडा. बहुतेकांचा तळवा काही सेकंदांत पुन्हा गुलाबी होतो. हाताला रक्ताच्या दोन वाटा आहेत, म्हणून एक वाट यंत्राला उसनी देता येते. फिस्टुला करण्यापूर्वी डॉक्टर हीच तपासणी करतात.

कोल्फ, स्क्रिब्नर, चिमिनो यांची नावे ग्रंथांत आहेत. दर वेळी सुई बोटभर पुढे सरकवणाऱ्या परिचारिकेचे नाव कुठल्या ग्रंथात नाही, आणि रोज उठल्यावर आईच्या मनगटावर बोटे ठेवून ‘‘चालू आहे’’ असे सांगणाऱ्या मुलीचेही नाही. ती मुलगी कदाचित आपल्याच वर्गात बसलेली असेल. उत्सर्जन संस्थेचा धडा तिला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. या वर्षी तो शिकवताना यंत्राच्या चित्राशी आपण थोडे थांबू या आणि ती नळी हाताला कशी जोडली आहे, हा प्रश्न वर्गाला विचारू या.